उपसरपंचपदी अविरोध

सरपंचाच्या निवडणुकीच्या बातमीत अगदी शेवटी एक वाक्य असते : उपसरपंचपदी अमक्यांची निवड झाली. जागा कमी पडली की उपसंपादक आधी तेच वाक्य उडवतो. नोकरीत असताना मीही उडवत असे. दुसऱ्या दिवशी गावातून फोन यायचा, आमच्या उपसरपंचाचे नाव काहून नाही म्हणून. जागा नव्हती, असे सांगायचे. ते खरे असे. बिनविरोध निवड झाली असेल तर आमच्या भागात 'अविरोध' लिहितात. हा शब्द डेस्कवर सर्वांना सोयीचा वाटायचा, कारण तो आला की मतांचे आकडे तपासावे लागत नाहीत.

हे अशाच एका वाक्याबद्दल आहे. ते छापून आले तेव्हा मी निवृत्त होऊन नागपुरात, नंदनवनच्या घरी बसलो होतो.

माझी धाकटी बहीण सावनेर तालुक्यातल्या एका गावात दिलेली आहे. गावाबाहेर कोळसा खाणीच्या मातीचा ढिगारा आहे आणि खाणीचे ट्रक गावातल्या मधल्या गल्लीतून, शाळेच्या दारावरून जातात. बहिणीचे यजमान वारले त्याला बरीच वर्षे झाली. शेत तिचा दीर पाहतो. दीर, जाऊ आणि ती एकाच अंगणात राहतात. नळ एक, तुळस एक. गल्लीच्या पलीकडे तिची मैत्रीण राहते. दोघी एकाच साली लग्न होऊन त्या गावात आल्या आणि तेव्हापासून शेतात जाताना एकमेकींची वाट पाहतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बहीण, जाऊ आणि मैत्रीण, तिघीही आपापल्या वॉर्डातून सदस्य म्हणून निवडून आल्या. आता उपसरपंच निवडायचा होता. जाऊ आणि मैत्रीण, दोघीही त्यासाठी उभ्या राहणार होत्या.

उपसरपंच म्हणजे दुसरी खुर्ची. नागपूर दुसऱ्याच राज्याची राजधानी होते त्या काळात आमचे वडील जनपद सभेवर, म्हणजे तेव्हाच्या तालुका मंडळावर, उपाध्यक्ष होते. ते म्हणत, अध्यक्षाले शिंक आली तरी उपाध्यक्षाले आशा लागते. घरी या वाक्यावर आम्ही सगळे हसत असू. पण बहिणीच्या गावात गोष्ट तशी नव्हती. सरपंच थेट लोकांनी निवडलेला होता आणि तो सावनेरलाच राहायचा. त्याचे तिथे दुकान होते. गावात सही करायला, अधिकाऱ्यापुढे उभे राहायला उपसरपंचच लागणार होता. मैत्रिणीला ती खुर्ची एका कामासाठी हवी होती : शाळा भरताना आणि सुटताना ट्रक गल्लीतून जाऊ नयेत. मागच्या खेपेला साधी सदस्य असताना तिने हे दोनदा मांडले होते. दोन्ही वेळा विषय पुढच्या सभेवर गेला होता. जावेला खुर्ची हवी होती की तिच्या नवऱ्याला, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

सदस्य सात होते. तिघे जावेकडे, तिघे मैत्रिणीकडे. मी सगळ्यांचा आहे, समसमान झाले तरच मत देईन, असे सरपंचाने सांगून टाकले होते. उरली माझी बहीण.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी ती न कळवता आमच्या दारात उभी राहिली. हातात एक कापडी पिशवी. आत आली, पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवली आणि पाणी न पिता म्हणाली, "दादा, मले बरं वाटून नाही राहिलं. छातीत धडधड होते."

घरी रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. मी मोजला. बरोबर होता. थोड्या वेळाने पुन्हा मोजला. तेव्हाही बरोबर होता.

"काही नाही," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा चांगला आहे."

"मशीन खराब झाली असंन तुही."

"मशीन नवीन आहे. काय झालं ते सांग."

तिने पिशवी ओढून तोंड उघडले. आत दोन साड्या, एक टॉवेल आणि दोन नारळ होते. दोन्ही सोललेले, शेंडीवाले, एकसारखे. त्यांच्याकडे पाहत तिने सगळे सांगितले.

त्या गावात उमेदवार बाई दुसऱ्या बाईकडे मत मागायला जाते तेव्हा तिची ओटी भरते. पदरात नारळ आणि मूठभर गहू पडले की मागणारीने शब्द मागितला, आणि पदर मागे घेतला नाही की घेणारीने तो दिला. कागद नाही, साक्षीदार नाही. पण बहिणीसारख्या बाईची ओटी कोणी भरत नाही. यजमान गेल्यापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊ तिला बायका गेल्यावर बोलवायची, वाण हातात द्यायची. ती वाईट वागत होती असे नाही. तिथे तसेच चालते.

"तर ती आली," बहीण म्हणाली. ती म्हणजे मैत्रीण. "दिवसा आली, अंगणातून. जाऊ तांदूळ निवडून राहिली होती, तिच्या समोर. म्हणे, उठ वं, पदर पुढं कर. मी म्हटलं, मले नाही चालत. तं म्हणे, कोणाले नाही चालत? मले चालते. अन् भरली."

"मग?"

"मग का? मी रडली."

जावेने ते पाहिले होते. दोन दिवसांनी तीही आली. स्नान करून, कुंकवाचा करंडा घेऊन. म्हणाली, जाऊबाई, एवढे दिवस माह्याकडून चूकच झाली. आणि तिनेही ओटी भरली.

"तिलाही पदर दिलास?" मी विचारले.

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आली दादा ती. माह्या पाया पडली. तिले कसं म्हणू, की तुहा नारळ नको?"

माझी पत्नी शाळेतून यायची होती. ती एका खासगी शाळेत अजून शिकवते. घरात आम्ही दोघेच होतो. मी बहिणीला सवयीप्रमाणे स्थिती समजावून सांगितली. तू गेली नाहीस तर तीन विरुद्ध तीन होतील. मग सरपंच मत देईल. सरपंच तुझ्या दिराबरोबर उठतो-बसतो. म्हणजे घरी बसणे हेही मत आहे, आणि ते जावेला आहे.

तिने ऐकून घेतले.

"तं मंग ते पाप सरपंचाच्या डोक्यावर," ती म्हणाली. "माहा हात तं वर नाही होणार. कोणासाठीच नाही."

तिचा हिशोब असा होता की हजर राहून एकीसाठी हात वर केला तर दुसरीचा नारळ खोटा ठरतो, आणि गैरहजर राहिले तर एकही ठरत नाही. मी यापुढे बोललो नाही. तिला मी घरी परत जा म्हटले नाही आणि राहा असेही म्हटले नाही. पत्रकाराने बातमीत पडायचे नसते, हे मला कोणीतरी फार तरुणपणी सांगितले होते, आणि ते वाक्य मी बातमी नसलेल्या ठिकाणीही वापरत आलो आहे.

संध्याकाळी तिने जावेला फोन केला. मी समोरच्या खुर्चीत बसून होतो. तिचा आवाज खरोखरच बारीक झाला. छातीत धडधड, दादाकडे आली, उद्याचे जमत नाही. जाऊ म्हणाली, आराम करा जाऊबाई, इकडची काळजी नका करू. मैत्रिणीला फोन कर, असे मी सुचवले. तिने फोन पालथा ठेवला.

"तिले कळंनच," ती म्हणाली.

पत्नीला रात्री जेवताना एवढेच सांगितले की हिची तब्येत ठीक नाही. पत्नीने दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

सकाळी मात्र बहीण लवकर उठली. रिकामे बसवत नाही म्हणून तिने पत्नीच्या हातून परात घेतली आणि ओट्याशी उभी राहून कणीक मळायला लागली. तब्येत बरी दिसते, असे पत्नी म्हणाली. हाव, आता बरं आहे, बहीण म्हणाली. मी पेपर वाचत होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या गल्लीचे तोंड दिसते. तिथे एक ऑटो थांबला आणि बहीण खिडकीपासून एकदम मागे सरली.

"ती आली," ती म्हणाली. "दादा, ती आली."

परात तशीच टाकून ती आतल्या खोलीत गेली आणि पलंगावर पडून तिने चादर गळ्यापर्यंत ओढली.

मी दार उघडले. मैत्रीण घामाघूम होती. एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात चपला. वरच्या पायऱ्या तिने चपला काढून चढल्या होत्या. माझ्या मुलीच्या लग्नाला ती आली होती, तेवढ्यावर तिने घर शोधले होते. ऑटोवाल्याने आधी लकडगंजात फिरवले, म्हणाली.

"कशी आहे?"

"झोपली आहे," मी म्हणालो.

मी त्या दिवशी बोललेले खोटे एवढेच. दोन शब्दांचे.

ती आत गेली. पलंगाच्या कडेला बसली आणि बहिणीच्या कपाळाला हात लावला. बहिणीने डोळे उघडले.

"का झालं वं तुले?"

"काही नाही. धडधड झाली."

"मले सकाळी तुही जाऊ सांगते. नळावर. हसत हसत सांगते. मी म्हटलं, कालपासून माहीत आहे अन् आता सांगून राहिली? तशीच निघाली. सावनेरपर्यंत दूधवाल्याच्या गाडीवर आली."

"आज तं…" बहीण म्हणाली आणि थांबली.

"आज का?"

"आज सभा नव्हे का?"

मैत्रीण चादरीवरून बहिणीचा हात शोधत होती. बहिणीचे यजमान नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलमध्ये शेवटचे होते तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. मैत्रिणीने दोन दिवस कापूस उरकला आणि आली तेव्हा सगळे आटोपले होते. त्याचे तिला अजून लागते, हे बहिणीने मला मागे सांगितले होते. म्हणून ती दूधवाल्याच्या गाडीवर बसली होती.

तिने चादर बाजूला करून बहिणीचा हात हातात घेतला. मी दारात होतो, मला स्पष्ट दिसले. बोटांना, नखांच्या कडांना, मनगटापर्यंत ओली कणीक लागलेली होती.

मैत्रीण त्या हाताकडे पाहत राहिली. बहिणीने तो ओढून घेतला नाही. आत गॅसवर चहा उतू गेला आणि पत्नीने तो बंद केला, एवढा आवाज झाला.

तेवढ्यात मैत्रिणीचा फोन वाजला. तिच्या बाजूचा एक सदस्य होता; फोन एवढ्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होते. बाई कुठी आहा? सायेब आले. अर्ज भरून देणं आहे. तुमची सही पाह्यजे, सहीशिवाय घेत नाही म्हणतात.

नंदनवनहून ते गाव गाठायला लागणारा वेळ मला माहीत होता. गाडी खाली उभी होती. त्या घटकेला निघालो असतो तर कदाचित पोचलो असतो, कदाचित नाही. अर्जाची मुदत संपायला किती अवकाश होता हे मी विचारलेही नाही. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले, मग पलंगाकडे.

"मी नाही येत," तिने फोनमध्ये सांगितले. "इथं माणूस पडून आहे."

"अवं पण बाई…"

"माणूस पडून आहे म्हटलं ना गा तुले. अर्ज पुढल्या वर्षीही भेटंन."

अर्ज पुढल्या वर्षी भेटत नाही, पाच वर्षांनी भेटतो, हे तिला माझ्याइतकेच माहीत होते. तिने फोन बंद करून पिशवीत टाकला.

बहीण उठून बसली. "जा वं," ती म्हणाली. "दादा गाडी काढते. तू जा."

"काहून? तुले बरं नाही ना?"

या प्रश्नाला हो आणि नाही, दोन्ही उत्तरे होती. बहीण कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मी वाट पाहिली. मला वाटते, मैत्रीणही वाटच पाहत होती. एका वाक्याचे काम होते. मला काही झालेले नाही, उभी राहा, माझा हात तुझ्यासाठी वर होईल. एवढे वाक्य.

"धडधड होते," बहीण म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली.

"मंग पडून राह्य," मैत्रीण म्हणाली आणि तिच्या पायाशी सरकून तिचे पाय चेपायला लागली.

ती दुपारपर्यंत राहिली. गावातल्या गोष्टी सांगितल्या : कोणाच्या म्हशीला पारडू झाले, कोणाची सून माहेरी गेली, सरपंचाने दुकानाला नवीन पाटी लावली आणि त्यावर स्वतःचा फोटो दुकानाच्या नावापेक्षा मोठा काढला. बहीण हसलीही एकदा. जेवायला मुगाची खिचडी होती, आजारी माणसाची. मैत्रीणही तीच जेवली, पोळी नको म्हणाली. निवडणुकीचा विषय कोणी काढला नाही. मध्येच बहिणीच्या फोनवर दिराच्या मुलाचा संदेश आला, गुलालाच्या फोटोसह. तिने तो उघडला, पाहिला आणि फोन उशीखाली ठेवला. मैत्रिणीने विचारले नाही कोणाचा आहे.

निघताना पत्नीने तिला थांबवले. सवाष्ण बाई घरातून रिकाम्या हाताने पाठवायची नाही, ही पत्नीची रीत आहे. तिने हळदीकुंकू लावले आणि ओटी भरायला नारळ शोधला. घरात नारळ नव्हता, पण ओट्याखाली बहिणीची पिशवी होती आणि तिच्यात दोन होते. पत्नीला नारळांची गोष्ट माहीत नव्हती. तिला कोणी सांगितलीच नव्हती. तिने वरचा एक उचलला, गहू घेतले आणि मैत्रिणीच्या पदरात घातले.

बहीण आतल्या खोलीच्या दारापर्यंत आली होती. पलंगावरून का उठली, हे आता कोणी विचारण्यासारखे नव्हते. नारळ पदरात पडताना तिने पाहिला. मैत्रिणीनेही तो उचलून, शेंडीला धरून पाहिला. दोन्ही नारळ सावनेरच्या एकाच बाजारातले असणार. कोणता कोणाचा हे ओळखता येणे शक्य नव्हते. तरी ती तो जरा वेळ पाहत राहिली.

"चांगला आहे," ती म्हणाली. "पाणी आहे आत."

मग पायऱ्यांवर चपला घालताना वर न पाहता म्हणाली, "जा वं आत. कणीक वाळली असंन."

मी तिला गाडीने एसटी स्टँडवर सोडतो म्हणालो. ती नको म्हणाली. मग हो म्हणाली. वाटेत मी बोलायचे ठरवले होते. बहिणीने असे का केले ते सांगायचे; ओटीबद्दल, जावेबद्दल, अंगणाबद्दल. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा तिनेच सुरुवात केली.

"भाऊ, तुम्ही पेपरात होते ना?"

"होतो."

"ट्रकचं पेपरात येते का हो? शाळेसमोरचं?"

मी म्हणालो की ओळखीचे लोक आता तिथे नाहीत, पण सांगून पाहतो. मी सांगून पाहिले. तालुका प्रतिनिधीने दोन फोटो मागवले. बातमी अजून आलेली नाही, जागा नसेल.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मात्र आतल्या पानावर ते वाक्य आले. उपसरपंचपदी अमक्यांची अविरोध निवड झाली, निवडीनंतर फटाके फोडून आनंद व्यक्त करण्यात आला. मी ते चष्मा लावून वाचले. नाव बरोबर, गाव बरोबर, पद बरोबर. माझ्या हाताखाली आले असते तर मीही तसेच जाऊ दिले असते. बहिणीने विचारले, का लिहिलं? मी वाचून दाखवले. ती म्हणाली, "विरोध नव्हता, असं लिहिलं का?" मी म्हणालो, हो.

रविवारी जाऊ आली, पेढे आणि डाळिंबे घेऊन. दीर खाली गाडीतच बसून राहिला. जावेने बहिणीच्या पायांना हात लावला. तिचे डोळे भरून आले होते आणि ते खरे होते. मी लोकांचे डोळे पाहण्यात आयुष्य घालवले आहे.

"तुम्ही असत्या तं हात माह्यासाठीच वर केला असता," ती म्हणाली. "मले माहीत आहे."

"हाव," बहीण म्हणाली.

बहीण आमच्याकडे ठरवल्यापेक्षा बरीच जास्त राहिली. आज जाते, उद्या जाते. रोज सकाळी पिशवी भरायची आणि दुपारी कशाचे तरी निमित्त काढून सोडायची. शेवटी मैत्रिणीचा फोन आला की तूर सोंगायला, कापायला आली आहे, शेतात एकटीने जाववत नाही, येते का नाही? त्या दिवशी ती गेली. दुसरा नारळ तिने नेला नाही. पिशवीतून काढून ओट्याखालीच ठेवला. पत्नीने एकदा तो फोडायला घेतला तेव्हा मीच तिच्या हातातून काढून घेतला आणि मग तिला सगळे सांगावे लागले. ऐकून ती ओट्याला टेकून बसली. "म्हणजे मी तिचाच नारळ तिला परत दिला?" तिने विचारले. किंवा जावेचा, मी म्हणालो. त्याने तिचे समाधान झाले नाही.

दोघी अजून शेतात बरोबर जातात. मैत्रीण त्या दिवसाबद्दल बोलत नाही, टोमणाही मारत नाही. बहीण म्हणते, मारला असता तर बरे झाले असते. ट्रकचा विषय नव्या उपसरपंचाच्या सभेत एकदा आला. बहिणीने हात वर केला, मैत्रिणीने केला, आणखी कोणी केला नाही. विषय पुढच्या सभेवर गेला.

बहीण मला बहुधा सकाळी फोन करते, शाळा भरायच्या वेळेला. बोलता बोलता मध्येच गप्प होते, कारण ट्रक जातो आणि काही ऐकू येत नाही. मी फोन कानाला धरून बसतो. ट्रक बराच वेळ जात असतो. मग तिचा आवाज परत येतो आणि ती सोडलेल्या ठिकाणापासून पुढे बोलत नाही, दुसरेच विचारते.

"दादा, तो नारळ आहे का अजून?"

"आहे."

"राहू दे," ती म्हणते.